आमच्या नाटकातला फितूर

धडधडीत खोटं बोलायचं आणि त्याला ‘कलात्मक स्वातंत्र्य’ म्हणायचं, ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली? मला आमच्या गावच्या दिग्दर्शकांनी शिकवली.

मंठ्याजवळच्या आमच्या गावात मुक्तिसंग्राम दिनाला नाटक असतं. गेल्या वर्षीचं मी लिहिलं. घरात जपून ठेवलेली मुक्तिसंग्रामाच्या चळवळीची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले, त्यामुळे लिहिताना हात आखडला नाही. गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आहे. रझाकार आले तेव्हा एका मुसलमान शेतकऱ्यानं गावातली पाच-सहा माणसं आपल्या कडब्याच्या गंजीत लपवली. त्यांत माझे पणजोबा होते आणि दिग्दर्शकांचे आजोबाही.

दिग्दर्शक इतिहासाच्या बाबतीत फार काटेकोर. सगळ्यांना मनगटावरची घड्याळं उतरवायला लावली. प्लास्टिकची घागर दिसली की तालीम बंद; तांब्याची येईपर्यंत निजामाचं राज्य पुढे सरकायचं नाही. फक्त त्या शेतकऱ्याला त्यांनी फितूर करून टाकलं. नाटकाला खलनायक लागतो म्हणाले, आणि घोड्यावरचे रझाकार आपल्या स्टेजवर मावत नाहीत.

भूमिकेसाठी माणूसही त्यांनीच शोधला: त्याच शेतकऱ्याचा पणतू. माझा वर्गमित्र, बसस्टँडवर पंक्चर काढतो. त्याला दाढी चिकटवावी लागणार नव्हती. अस्सलपणाचा ध्यास म्हणतात तो हा.

तो तालमीला आला, संवाद वाचले आणि हसला. “काका, माझ्या पणज्यानं तुमच्या आज्याला पकडून दिलं असतं, तर मंग तुम्ही कुठून आल्ते?”

नाटक आहे, मनावर घेऊ नको, असं दिग्दर्शक समजावू लागले. तो माझ्याकडे वळला.

“माझी पोरगी पहिलीत आहे. उद्या तिला शाळेत काय म्हणतील, बिलकुल सुचलं न्हाई का तुम्हाला?”

मी संहिता परत मागितली. पण झेरॉक्स तर सगळ्यांच्या हातात होत्या. नाटक झालं, दुसऱ्याच एका हनुवटीवर दाढी चिकटवून. टाळ्याही कडकडून पडल्या. पोरीला शाळेत ‘फितुराची’ हे नाव पडलं. प्रेक्षकांची स्मरणशक्ती चांगली असते, फक्त ती पडदा उघडल्यावर सुरू होते. मधल्या सुट्टीत ती पोरगी आता वर्गातच बसून राहते.

तुमच्या मुलांनी ते नाटक पाहिलं असेल, तर आज जेवताना त्यांना खरी गोष्ट सांगा: त्या माणसानं कुणालाही पकडून दिलं नाही, लपवलं. आणि उद्या त्या पोरीला खेळायला बोलवा, असंही सांगा.