सूर्यकांतभाऊंची ‘सरी’

जे. सी. रोडवर दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं. सूर्यकांतभाऊ तिसऱ्या दुकानात शिरले तेव्हा मी बाहेरच थांबले. आत काय होणार ते मला ठाऊक होतं. हे हिंदीत विचारणार, “हायब्रिडचं काही ठेवता का?” दुकानदार मॉडेल विचारणार, साल ऐकणार आणि माशी हाकलल्यासारखा हात हलवणार. तसंच झालं. बाहेर येऊन म्हणाले, “चला ताई, लालबागला मेट्रोत बसू.”

कब्बन पार्कच्या स्टेशनापाशीही ‘पुढं बसू’ असंच म्हणाले होते. शिवाजीनगरच्या गॅरेजातून निघून आम्हाला तास होऊन गेला होता. राग आला की हा माणूस चालत सुटतो. मी आपली मनात नामस्मरण करत होते, पण करंगळीला चप्पल लागायला लागली तसं देवाचं नावही तुटक यायला लागलं.

सूर्यकांत गोडघाटे आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे नागपूरचे, चौदा वर्षांपूर्वी नोकरीसाठी या कन्नड मुलखात आले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत खरेदी विभागात होते, आता रिटायर आहेत. मूलबाळ नाही. घरात ते आणि मुग्धावहिनी, आणि पार्किंगमध्ये बारा वर्षांची हायब्रिड गाडी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. सकाळी मी तुळशीला पाणी घालताना खाली बघते, तर हे उकिडवे बसून फडक्यानं चाकं पुसत असतात. आंघोळीआधी गाडी, हा त्यांचा नेम.

याला वेड म्हणणं सोपं आहे. पण मुग्धावहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. रिक्षात त्या बसूच शकत नाहीत. टॅक्सी दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत उतरवून घ्यावं लागलं. या गाडीची पुढची सीट भाऊंनी उशा लावून त्यांच्या पाठीच्या मापाची करून घेतलीय, आणि सिग्नलला थांबून निघताना ती हिसका देत नाही, बॅटरीवर अलगद सरकते. येत्या सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचंच होतं. गाडी नाही, तर जाणं नाही. एवढं साधं होतं ते.

आणि गाडीनं दोन महिन्यांपूर्वी लाल दिवा दाखवला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, अख्खी बॅटरी बदला. बरं, बदला म्हटलं, तर म्हणाले ती आता मागवता येत नाही, गाडी मोडीत काढा. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं मागची सीट उचलली, नारिंगी वायर बघितली आणि हात जोडले, “सार, हे करंटचं काम, मला बायकापोरं आहेत.” इलेक्ट्रॉनिक सिटीत एक जण लॅपटॉप घेऊन बसतो. भाऊ त्याच्याकडे तीनदा गेले, तिन्ही वेळा वेगळा रोग निघाला. शेवटी कुणीतरी शिवाजीनगरच्या यल्लाप्पाचं नाव सांगितलं. भाऊ एकटेच जाऊन गाडी ठेवून आले. वर आमच्या दारात उभं राहून म्हणाले, “मस्त माणूस आहे, ताई. त्याच्याशी कन्नडमधून बोललो!”

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

भाऊंचं एक तत्त्व आहे. ज्या गावात राहायचं त्या गावची भाषा बोलायची. तत्त्व चांगलं आहे. पण चौदा वर्षांत त्यांचं कन्नड तीन शब्दांपुढं गेलं नाही, एष्टु, स्वल्प आणि सरी. त्यातही एष्टु, म्हणजे किती, हे भाजीवाल्याला, स्वल्प, म्हणजे थोडा, हे चहावाल्याला, आणि सरी सगळ्या जगाला. आपण मराठीत ‘हं, हं’ करतो ना, तसं हे ‘सरी, सरी’ करतात. समोरचा काय बोलला ते कळो न कळो. मी निपाणीची. शाळा मराठी, पण बाजार कन्नड, त्यामुळं मला ठाऊक आहे की ‘सरी’ म्हणजे ‘हं’ नव्हे. सरी म्हणजे ठीक आहे, चालेल, करा.

आज सकाळी यल्लाप्पाचा फोन आला म्हणून भाऊ मला बरोबर घेऊन गेले. गॅरेजात जाऊन बघतो तर मागची सीट बाहेर, आणि लांब बाकावर बॅटरीचे चौतीस काळे डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर खडूनं आकडा. भाऊंचा चेहरा असा झाला, जणू ऑपरेशनच्या खोलीचं दार चुकून उघडलं.

“हे कोणाला विचारून केलं?” हे हिंदीत ओरडले.

यल्लाप्पा पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं हात पुसले आणि माझ्याकडे वळला. “अक्का, नानु मूरु सल केळ्दे.” मी तीनदा विचारलं. “फोनवर म्हटलं, बिच्च्ला सार? उघडू का? सार म्हणाले, सरी सरी. सगळं सुटं होईल म्हटलं. सरी. आठ दिवस गाडी हलणार नाही म्हटलं. त्याला तर दोनदा सरी म्हणाले.”

मला हसू आलं, पण भाऊंकडे बघून गिळलं.

यल्लाप्पानं मीटर लावून दाखवलं. चौतिसातले दोनच डबे गेलेले, ते त्यानं वेगळे ठेवले होते. तसे दोन तो गुरुवारी आणणार होता, बसवून संध्याकाळपर्यंत गाडी देणार होता. पण आता त्याची अट होती. “समोर माणूस बसवा, अक्का. ज्याला मी बोललेलं कळतं असा. प्रत्येक गोष्ट विचारून करीन. नाहीतर हात लावणार नाही, डबे गोणीत भरून देतो, घेऊन जा.”

भाऊ तडक बाहेर पडले, आणि तेव्हापासून आम्ही चालत होतो.

लालबागच्या फाटकाशी मीच थांबले. म्हटलं, “भाऊ, मी आता एक पाऊल पुढं टाकणार नाही.” आत जाऊन आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो.

“त्यानं फसवलं ना, ताई?”

“फसवलं? फसवणाऱ्यानं एव्हाना अख्खी बॅटरी गळ्यात मारली असती. त्यानं खडूनं आकडे घातलेत. इतक्या दिवसांत खरं बोलणारा हा एकच भेटला, आणि त्याच्यावर ओरडून आलात.”

“अहो, पण मी काऊन त्याला उघडा म्हणीन? मी तं फक्त ऐकून राह्यलो होतो!”

“ऐकत नव्हतात, सरी म्हणत होतात.”

“मग काय म्हणायचं होतं?”

“कळलं नाही म्हणायचं! हिंदीत म्हणायचं, मराठीत म्हणायचं, मला फोन लावायचा. जे. पी. नगरात चौदा वर्षं ‘कळलं नाही’ म्हणायला तोंड उघडलं नाहीत, म्हणून बाकावर चौतीस डबे मांडून बसलाय तो.”

माझा आवाज चढला होता. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

“मुग्धाला मी सांगितलं नाही अजून,” ते म्हणाले. “तिला वाटते गाडी तयार होऊन राह्यली. काल रात्री डॉक्टरचे कागद काढून ठेवले तिनं.”

 मी मनात रामाचं नाव घेतलं.

“गुरुवारी मी तिथं बसतो म्हटलं,” ते म्हणाले, “तर दिवसभर घरी तिला उठवून बसवायला कोणी नाही. आणि मी बसलो तरी, तुम्हाला माहीत आहे, तो काही बोलला की माझ्या तोंडातून आपोआप तेच निघते.”

“मग?”

ते माझ्याकडे न बघता, समोरच्या गवताकडे बघत म्हणाले, “ताई, तुमचा गुरुवारचा उपास असते ना? म्हणजे जेवायलाही उठावं लागणार नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या यल्लाप्पाच्या समोर बसाल का माझ्या जागी?”