मालूच्या घरातून कॉलेजला

लिही सई, मालूबायचं लिही. आपल्या सुकापूरचीच, माझ्या शेजारची. एकटी बाई, खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची, त्यावर पोट.

तिची भाड्याची खोली गल्लीच्या टोकाला. पुढचं दार गल्लीत, मागचं दार कॉलेजच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूला टॉवरवाल्यांच्या भिंती. वळसा मारायचा तर रिक्षाच कराय लागते. आनि मालूची सवय अशी, सकाळी दोन्ही दारं उघडली की दिवेलागनीपर्यंत उघडीच. दिवसा दार लावलं म्हंजे घरात कोन मेलं काय, असं बोलायची.

एकदा आर्यन नावाच्या कॉलेजच्या पोराला उशीर झाला. "आजी, घरातून जाऊ का?"

"जा की. चपला हातात घे, आताच लादी पुसलीय."

झालं! दुसऱ्या दिवशी चार पोरं आली, मंग अख्खं कॉलेज. चपला हातात, वह्या काखेत, शेगडीला वळसा घालून रांगेनं जायची. मालू भाकरी थापता थापता बोलायची, "ए लाल शर्ट, काल कुठं व्हतास? ताप आलेला काय?" एक जन तर मोटरसायकल ढकलत आला. मालू त्याला बोलली, "आधी चाकं धू, मंग आत ये."

आता गल्लीतल्या खोल्या सगळ्या कमलाकरशेटच्या. त्यानं बोर्ड लावला, 'कॉलेज चालत पाच मिनिटं', कॉलेजची पोरं भाडेकरू ठेवली आनि भाडी वाढवली. मंग मालूकडं आला.

"मालूबाय, तुझी खोली तर कॉलेजला चिकटून. भाडं दुप्पट दे, नायतर खाली कर."

"अरे, माझ्या घरातून जातात म्हनून जवळ हाय ना!"

"मी पन तेच बोलतोय. जवळ हाय."

गेली बिचारी खोली सोडून तळोज्याला भाचीकडं. तिकडं भाकरीला गिऱ्हाईक नाय, कारखान्याच्या वासानं झोप नाय.

तिच्या खोलीत शेटनं देवेश नावाचा ऑफिसवाला ठेवला. त्यानं पयलं काय केलं, तर दोन्ही दारांना कुलूप. सकाळी पोरं चपला हातात घेऊन गल्लीत उभी! देवेश खिडकीतून ओरडला, "अहो, हे घर आहे, रस्ता नाही!"

शेट हात जोडून बोलला, "साहेब, सकाळचं तेवढं जाऊ द्या."

"मग भाडं त्यांच्याकडून घ्या!"

पोरं एकेक करून खोल्या सोडाय लागली. बोर्ड तसाच लटकतोय, आनि चालत जायला वाट नाय. शेवटी शेटनं देवेशला वरच्या रिकाम्या खोलीत हलवलं आनि मालूला आनायला सोता तळोज्याला गेला.

मालू आली, दोन्ही दारं उघडली, पन मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. "भाडं जुनंच. मी हाय तवर वाढवायचं नाय."

"थोडं तरी वाढव गं बाय," शेट पुढच्या दाराच्या उंबऱ्यात उभा राहून घासाघीस करतोय. मागं पोरांची ही गर्दी.

"काका, हो म्हणा ना! पेपर आहे!"

"थांबा रे, व्यवहार चाललाय."

पोरं कसली थांबतात? रेटा असा आला, की शेट उंबऱ्यातून उचलला गेला, शेगडीला वळसा घालून मागच्या दारातनं थेट कॉलेजच्या रस्त्यावर.

मालूनं कडी वाजवली. "बोल शेट, लावू काय दार?"

रस्त्यावरून आवाज आला, "नको गं बाय! जुनंच, जुनंच!"