डॉन फोर्तुनातोंचं राहिलेलं जावळ

डॉन फोर्तुनातोंना टोळीतून हाकललं ते मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचे गोडवे गायला लागलो की तुम्ही माझ्याकडे कुठल्या नजरेनं बघायचं ते ठरलेलं असेल.

डॉन म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मानानं म्हणतात ते. त्यांचं इंटरनेटचं दुकान आमच्या ओरुरो शहरात स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. अकरा कॉम्प्युटर, त्यातले दोन सारखे बंद पडायचे. कोपऱ्यात गॅसची शेगडी, तिच्यावर आपीचं, म्हणजे जांभळ्या मक्याच्या गोड गरम पेयाचं, पातेलं. बावीस वर्षं कथलाच्या खाणीत काढून डॉननी घरी काय आणलं, तर खोकला. ते दुकान त्यांच्या मुलीनं, बासिलियानं, थाटलेलं. ती लग्न करून कोचाबांबाला गेली आणि ते ह्यांच्या गळ्यात पडलं. ह्यांना कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नव्हतं. एका बोटानं टाइप करायचे, तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक अक्षर शोधून.

आम्ही सगळी पोरं एकच खेळ खेळायचो, खेळात दुकानाची एक टोळी करून. तलवारी, जंगलं, राक्षस, आणि जगभरची हजारो माणसं एकाच वेळी आत. नवा माणूस आत आला की लगेच ओळखू यायचा. हातात काठी, खांद्यापर्यंत वाढलेले केस, आणि चालायला गेला की भिंतीवर आपटणार. असल्याला आमच्या अख्ख्या मुलखात एकच नाव, थोटा. हात असून नसल्यासारखा, म्हणून.

मी बारा वर्षांचा होतो. पहिलाच दिवस. शेजारी नेल्वा नावाची चौदा वर्षांची पोरगी, आमच्याच गल्लीतली, जिभेला हाड नसलेली. मी तिच्या वाटेत आलो तशी ती किंचाळली, "ए थोट्या! बाजूला हो, स्वतः मरशील आणि मलाही मारशील!"

शेगडीपाशी पळी थांबली. डॉन सावकाश आले.

"कोण म्हणालं?"

"मी, डॉन. गमतीत."

"थोटा म्हणजे माझा सोबती इलारियो. हातात सुरुंग फुटला त्याच्या. शर्टाची बाही पिनेनं टाचून हिंडायचा, मरेपर्यंत. ह्या पोराला चांगले दोन हात आहेत. फक्त येत नाही. ज्याला येत नाही त्याला काय म्हणायचं?"

"नवा?" नेल्वा पुटपुटली.

"नवी चप्पल असते. माणसाला धर्मलेक म्हणायचं. आणि तू ह्याची धर्ममाय. आजपासून."

"मी? डॉन, मी चौदाची आहे!"

"शिव्या द्यायला पुरलं ना वय? मग ह्यालाही पुरेल."

सगळं दुकान हसलं. डॉन हसले नाहीत. म्हणाले, "खाणीत पहिल्या दिवशी मला कुणी नावं ठेवली नाहीत. एका म्हाताऱ्यानं हात धरून टिओपुढे, खाणीचा मालक मानतात त्या शिंगवाल्या देवाच्या मूर्तीपुढे नेलं, कोकाची पानं ठेवली आणि म्हणाला, हा माझा, ह्याला सांभाळ. का? माझ्यावर फार माया होती म्हणून? हट्! नव्याला हसलात की तो घाबरतो. घाबरला की चुकतो. आणि तो चुकला की छप्पर सगळ्यांच्याच डोक्यावर येतं."

तेव्हापासून दुकानाचा तो कायदाच झाला. नवा आला की त्याला धर्मबाप किंवा धर्ममाय नेमायची. नवा दहाव्या लेव्हलला पोचला की त्याचं जावळ. आमच्याकडे लेकराचे पहिले केस धर्मबापाच्या हातून कापतात, तसंच. खेळातल्या गावात एक न्हावी होता. धर्मबापानं धर्मलेकाला तिथं न्यायचं, ते वाढलेले केस कापायला लावायचे आणि स्वतःची एक तलवार त्याला द्यायची. तेवढा वेळ बाकी सगळ्यांनी खेळ थांबवायचा. डॉन दोघांना गरम आपी आणि चीज भरलेली, तळून फुगवलेली पुरी द्यायचे, आणि निळ्या वहीत लिहायचे. डावीकडे धर्मलेक, उजवीकडे धर्मबाप, पुढे तारीख. माझं खेळातलं नाव त्यांनीच ठेवलं, कोल्होबा. "सारखा इकडेतिकडे बघतो लेकाचा," म्हणाले.

हे सगळं मला माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्यानं चूक केली तर एक वेळ ठीक. मला तर आपीसकट पाजलं होतं.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, दुकान बंद पडलं. डॉनचा दम वाढला. ओरुरोच्या उंचीवर हवाच विरळ, म्हणून बासिलिया त्यांना खाली कोचाबांबाला घेऊन गेली. मी शिकायला ला पास शहरात गेलो. पण टोळी खेळात चालू राहिली, दुकानाचंच नाव लावून. मी नवं पात्र घेतलं, जल्लाद नावाचं. दोन वर्षांत टोळीचा म्होरक्या झालो. आम्ही खेळातल्या पहिल्या दहा टोळ्यांत आलो आणि माझ्या डोक्यात हवा गेली. जावळ बंद केलं. न्हाव्याकडे जायला वेळ कुणाला होता! "धर्मलेक कसले, ओझी आहेत ओझी," असं मीच लिहिलं होतं. त्यावर पन्नास जणांनी हसणारे चेहरे टाकले. नेल्वानं टाकला नाही. तिनं नंतर खेळणंच सोडलं.

एका शनिवारी दुपारी आम्ही किल्ल्यावर चाल करून निघालो होतो. महिनाभराची तयारी. ऐन वेळी टोळीत एक नवा घुसला. टोळीचं दार नव्याला कायम उघडं ठेवायचं, हाही डॉनचाच कायदा. तो तेवढा मोडायचा राहून गेला होता. नव्यानं नाव घेतलं होतं 'आत्ताच आलो'. केस खांद्यापर्यंत, हातात काठी. एकेक शब्द येत होता, मध्ये इतका वेळ की मला वाटलं गेला बहुतेक.

"नमस्कार. मी नवा आहे. माझा धर्मबाप कोण?"

सगळे खिदळले. आणि तो चालायला लागला. भिंतीवर आपटला, वळला, आणि सरळ झोपलेल्या राक्षसाच्या अंगावर गेला. राक्षस उठला. आमचे सहा जण मेले, चाल फिसकटली. माझं डोकं फिरलं.

मी लिहिलं, "ए थोट्या! हात घरी ठेवून आलास काय?"

पुन्हा एकेक शब्द.

"शिकतो. जरा वेळ द्या."

"वेळ नाही. चल, फूट."

आणि बटण दाबलं. झालं. तो बाहेर.

सोमवारी नेल्वाचा फोन. आनंदानं नुसती ओरडत होती. "लिंबर! अरे आले का तुझ्याकडे? डॉन खेळायला लागलेत! बासिलियानं कॉम्प्युटर घेऊन दिला. मला म्हणाले, पोरांना आता भेटायचं तर तिथंच जायला हवं. नाव काय घेतलंय माहितीये? 'आत्ताच आलो'! मी हसून हसून मेले."

मी म्हणालो, "नाही, अजून नाही आले."

त्या आठवड्यात मी बसनं कोचाबांबाला गेलो. सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यंसुद्धा पाठ केली होती. डॉन अंगणात खुर्चीवर बसले होते, मांडीवर घोंगडी. इतके वाळलेले की मिठी मारताना भीती वाटली.

"लिंबर! पोरा, मी खेळतो आता, कळलं का?"

"कळलं, डॉन. ऐका, मला एक—"

"पण पहिल्याच दिवशी हाकलला मला! तिथं कुणीतरी उपटसुंभ बसलाय म्होरक्या होऊन. थोटा म्हणाला मला. आपल्या दुकानातला नसणार. आपल्यातला असता तर असं म्हणाला नसता."

असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. पाठ केलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना. उलट मी काय विचारलं? "नाव काय होतं त्याचं?" इतका भेकड मी!

"विसरलो. म्हाताऱ्याच्या डोक्यात काय राहतंय?" त्यांनी घोंगडी सारखी केली. "जाऊ दे ते. तू होशील माझा धर्मबाप?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हणालो. आणि जल्लाद लपवून जुना कोल्होबा बाहेर काढला, म्हणजे वर आणखी एक लबाडी.

चार महिने, दर रविवारी दुपारी, ते कोचाबांबात आणि मी ला पासला. त्यांना फाटक उघडायला शिकवण्यात दोन रविवार गेले. कोंबड्या मारून मारून ते तिसऱ्या लेव्हलला पोचले तेव्हा फोनवर इतके हसले की खोकल्यानं जीव घाबरा झाला, बासिलियानं फोन हिसकावून घेतला. मला ते "धर्मबाप" म्हणायचे, ठासून. "धर्मबाप, उजवीकडे वळू का?" सत्तरीचा माणूस, ज्यानं मला खेळातलं नाव दिलं, मला बाप म्हणतोय, आणि मी आपला "वळा, डॉन, वळा." टोळीत मी थोटा शब्दावर बंदी घातली. कारण कुणाला सांगितलं नाही.

खेळ संपवताना ते दर वेळी एकच विचारायचे. "बरं पोरा, अजून काही सांगायचंय?" आणि थांबायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना फोन ठेवायचा जिवावर येतो. "काही नाही, डॉन."

ऑगस्टमध्ये ते नवव्या लेव्हलला पोचले. पुढच्या रविवारी जावळ, असं ठरलं. तलवार मी काढून ठेवली होती. गुरुवारी ते गेले.

तेराव्याचं नाही आमच्यात. नवव्या दिवशी प्रार्थना असते, तिला गेलो. बासिलियानं निळी वही माझ्या हातात ठेवली. "बाबा म्हणाले होते, लिंबरला द्यायची."

मी शेवटचं पान उघडलं. डावीकडे, वेड्यावाकड्या अक्षरात, 'आत्ताच आलो'. उजवीकडे, धर्मबापाच्या जागी, कोल्होबा नव्हतं. जल्लाद होतं. आणि कंसात, लिंबर. तारीख शुक्रवारची. मी त्यांना हाकललं त्याच्या आदल्या दिवसाची.

नेल्वाला मी तिथंच अंगणात विचारलं. "हो, मीच सांगितलं होतं जल्लाद कोण ते," ती म्हणाली. "तुझ्याकडेच यायचं होतं ना त्यांना. तुझंच नाव लावायचं म्हणत होते. का रे? काय झालं?"

त्यांनी ते नाव खोडलं नव्हतं. त्या शनिवारनंतर चार महिने वही त्यांच्यापाशी होती, आणि खोडलं नव्हतं. सतरा रविवार त्यांनी मला विचारलं, अजून काही सांगायचंय का.

"बोल की, काय झालं?" नेल्वानं पुन्हा विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.