मोटवाल्याला पाणी मिळत नाही, हा बग नाही

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आपल्या राजा-राक्षसांच्या गेममध्ये एका क्लिकवर कातडं तयार व्हायचं. माझे आजोबा सत्तरच्या दशकात आटपाडीकडे कातडी कमवून विहिरीतून पाणी उपसायच्या मोटा शिवायचे. त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं मी मॉड करून, म्हणजे स्वतःचे बदल जोडून, गेममध्ये घातलं. केस काढायचा चुना, कातडं मुरवायची बाभळीची साल, वासाने नाक धरणारी माणसंसुद्धा.

सकाळी सांगलीच्या मित्राने खेळून बघितलं आणि फोन केला. "कातडं लय भारी जमलंय गड्या. पण बग हाय. मोट शिवणाऱ्याला विहिरीवर पाणीच भरता येत न्हाई."

मी म्हणालो, "बग न्हाई रं. आजोबांची मोट विहिरीत उतरायची, पण त्यांना त्या विहिरीला हात लावू देत नव्हते."

"मग तेवढं काढ की. मजा जाती."

म्हणजे कातडं खरं पाहिजे, पण ते कमवणारा खोटा चालेल. तुम्हालाही असंच वाटतं का?