गॅलिनाचं वेगळं पातेलं

श्रावणी सोमवारी मांस खायचंच होतं, तर मी काचेजवळच्या टेबलावर बसायला नको होतं. ही झाली चूक. पुढचं जे आहे, त्याला चूक म्हणत नाहीत — आणि ते कालपर्यंत मी कोणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

आधी एक स्पष्ट करतो. खाण्याची मला लाज नाही. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत गॅलिना नावाच्या रशियन बाईचं छोटं दुकान आहे, रात्री उशिरापर्यंत चालणारं. तिथे पेल्मेनी मिळतात — कणकेच्या पारीत खिमा भरून उकडलेले, एका घासाचे. वर लोणी, आंबट क्रीम आणि चक्क शेपू. घरी शेपूची भाजी दिसली की भूक नाही म्हणणारा मी तिथे ताट पुसून खातो. पुढच्या श्रावणातही खाईन. काय म्हणायचं ते म्हणा.

पण इथल्या मराठी मंडळात मी कोण? कडक श्रावण पाळणारा. दुसऱ्याने ऑम्लेट खाल्लं तरी प्रवचन देणारा. आणि नाटकाची तालीम संपली की सगळ्यांना गॅलिनाकडे नेणाराही मीच. शाकाहारी लोकांसाठी बटाट्याचे कर, कणकेत अंडं नको, पातेलं वेगळं ठेव — हे तिला मीच सांगितलं होतं. तिने नवं पातेलं आणलं, झारासुद्धा वेगळा. त्या भरवशावर आमच्या सोहोनी काकू, ज्या अमेरिकेत चाळीस वर्षं काढूनही बाहेर पाणीदेखील जपून पितात, तिथे जेवायला लागल्या.

त्या सोमवारी काकू पार्सल न्यायला आल्या. मी काचेजवळ. ताटात अर्धा तोडलेला पेल्मेनी, आतला खिमा उघडा. काय बोलायला हवं होतं? ‘हो काकू, खातोय’ — एवढंच ना?

मी तोंडातला घास टिश्यूत थुंकला. म्हणालो, “काकू, मी बटाट्याचेच मागितले होते. यांनी पातेली एक केली वाटतं.”

बोललो मी हे. गॅलिना काउंटरवरच होती. तिला मराठी कळत नव्हतं — आमच्याकडे बघून हसलीसुद्धा.

काकू पार्सल तिथेच ठेवून निघून गेल्या. दोनच दिवसांपूर्वी त्या तिथे जेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडकडीत उपास केला आणि मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना सावध केलं. त्यावर मी हात जोडलेला इमोजी टाकला.

मंडळी जायची थांबली. मी मात्र जात राहिलो — मागच्या टेबलावर. तुझे लोक का येत नाहीत, असं गॅलिनाने विचारलं तेव्हा म्हणालो, सगळे बिझी झालेत. तिने ते पातेलं बरेच महिने घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

परवा ती म्हणाली, आता दुकान बंद करावं लागेल, गिऱ्हाईकच उरलं नाही.

काल ग्रुपवर सगळं लिहिलं. सबबी बऱ्याच सुचल्या — त्यात मी हुशार आहे — पण एकही घातली नाही. लगेच काकूंचा फोन. मी शिव्या खायच्या तयारीने उचलला.

“उद्या मला तिच्याकडे घेऊन चल, मी रात्रीची ड्राइव्ह करत नाही,” काकू म्हणाल्या. “माफी मी मागीन. तू गाडीतच बस.”