मर्लची माप घ्यायची खोली

मर्ल हॅनाफोर्डला गिऱ्हाइकाचं माप घ्यायला फीत लागत नसे. बाई आरशासमोर उभी राहिली की एक नजर, पाठीवर एक हात, की नेमकी ब्रा कपाटातून बाहेर. त्याआधी मात्र ती कोपऱ्यातल्या नळाखाली हात गरम करून घ्यायची. गार हातांनी कुणाला शिवायचं नाही, हे तिला सतराव्या वर्षी कामावर घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

ऑस्ट्रेलियातल्या हॉर्शम गावच्या ट्रेगेन्झा स्टोअरमधली, पहिल्या मजल्यावरची ती खोली मर्लची. कॅन्सरमध्ये स्तन गमावलेल्या बायका लांबलांबच्या शेतांवरून गाडी हाकत तिथे यायच्या. सिलिकॉनचा स्तन नीट बसवून, वरून झगा सारखा करून मर्ल म्हणायची, "जा आता, नाचून ये." काही जणी हसायच्या, बऱ्याच जणी रडायच्या. मर्ल खालून चहा मागवायची.

मग कंपनीच्या सात दुकानांपैकी तीन बंद पडली. उरलेली वाचवायला मेलबर्नहून ब्राँटी नावाची तिशीतली सल्लागार आली. ती तीन दिवस दुकानात नुसती हिंडली आणि चौथ्या दिवशी मर्लसमोर येऊन बसली.

"कपडे लोक फोनवर मागवतात. फोनवर मिळत नाही असं आपल्याकडे काय आहे? तुम्ही, मर्ल. तुम्हीच आमचा ब्रँड."

"इतकी वर्षं मी नुसती 'आतले कपडे' विभाग होते," मर्ल म्हणाली. "बढतीच म्हणायची."

ब्राँटीला मर्लचा फोटो हवा होता, शेजारी एक खरंखुरं गिऱ्हाईकही.

"मग खोली राहील?"

"अहो, सगळी जाहिरात खोलीवरच उभी आहे!"

त्या भरवशावर मर्लने ग्वेंडा लीबिग या जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. ग्वेंडाची रेनबो गावाजवळ मेंढ्यांची शेती. तिच्या ऑपरेशनचं नवरा आणि मर्ल सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पोस्टरवर? मी? अगं, आमच्याकडे मेंढी लंगडली तरी गावभर होतं."

"नको तर नको म्हण."

"नाहीतर तुझी खोली जाणार?"

मर्लने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं बाई. पण केस त्यांच्या खर्चाने सेट करायचे हं."

दर्शनी काचेत दोघींचे पुरुषभर उंच चेहरे लागले. खाली ओळ होती: 'तुम्हाला ओळखणारं दुकान', आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'कॅन्सरनंतरची मापं, पहिला मजला'. चर्चमधल्या बायका ग्वेंडाच्या डोळ्यांकडे बघायच्या आधी छातीकडे बघू लागल्या. तिने चर्चला जाणं सोडलं.

पण दुकानात गर्दी वाढली. इतकी, की मेकअपच्या एका बड्या कंपनीने पहिला मजला भाड्याने मागितला. मॅनेजर कीथ मर्लला म्हणाला, "तुझ्यामुळेच गं हे सगळं." तिला तळमजल्यावर टॉवेलांच्या विभागात धाडलं. शुक्रवारी खोलीतला नळ उपटला, सिलिकॉनचा माल मेलबर्नला परत गेला. ग्वेंडा मंगळवारी येणार होती. मर्लने चारदा फोन हातात घेतला आणि चारही वेळा खाली ठेवला.

ग्वेंडा आली. जुना सिलिकॉनचा स्तन फाटला होता, म्हणून तिने ब्रामध्ये नवऱ्याचे मोजे कोंबले होते. ती वर जाऊन आली आणि टॉवेलांपाशी उभी राहिली.

"वर लिपस्टिक विकतायत."

"बॅलरॅटला एक बाई आहे, ग्वेंडा. चांगली आहे."

"म्हणजे आणखी दोन तास." ग्वेंडाने एक टॉवेल उचलला, परत ठेवला. "तुला कधी कळलं?"

"पंधरा दिवस झाले."

"आणि फोन बंद होता का तुझा?"

मर्लने ग्वेंडाने ठेवलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घातली.

"निदान माझं तोंड तरी त्या काचेतून काढायला सांग," असं म्हणून ग्वेंडा बाजूच्या दाराने निघून गेली.

मर्ल तशीच कीथच्या ऑफिसात गेली. त्याने फाईल काढून तिच्यापुढे सरकवली. फोटो वापरायचा करार दोन वर्षांचा होता. त्यावर ग्वेंडाची सही होती, आणि साक्षीदार म्हणून खाली मर्लची.