आईच्या लुगड्याला कोणता दोरा?

मंडळी, आज दुपारी आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला मशीनवर बसले. चांगला मजबूत पॉलिस्टरचा दोरा ओवला, तर मोठ्या बहिणीनं तो काढूनच टाकला.

"काऊन वं ताई?" मी विचारलं.

"ऐंशी साली माझं लग्न झालं, तवा आईनं आजीच्या लुगड्याची गोधडी देल्ली. हिंगणघाटच्या बाजारातून असाच पक्का दोरा आणलता. धुता धुता लुगडं टाक्याटाक्याले चिरलं, दोरा तसाच साबूत. दोरा तुटला असता तं पुन्हा टाका घातला असता. लुगडं कुठून आणू?"

तुम्ही जुनं मऊ कापड कोणत्या दोऱ्यानं शिवता?

आम्ही साधं सुती रीळ लावलं. हा दोरा कधीतरी तुटेल. तेव्हा दोघींतली जी असेल, ती पुन्हा टाका घालेल.